नानासो आणि छाटणीची तारीख

नानासो गोरड या माणसावर मी जितकी चिडले आहे, तितकी माझ्या सख्ख्या भावावरही कधी चिडले नसेन. भावाशी भांडण झालं की तो निदान आवाज चढवायचा, दार आपटायचा, मग मलाही बरं वाटायचं. नानासो आवाज चढवत नाही. टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून उभा राहतो, माझं सगळं संपेपर्यंत ऐकतो आणि शेवटी म्हणतो, "मॅडम, तुमचं बरोबर असंल. पर एकदा मोजून बघू." या 'मोजून बघू'नं माझी बारा वर्षं खाल्ली.

मी वनस्पतिशास्त्राची. सांगलीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन माहेरी, वाईला परत आले, तरी कॉलेजातलं माझं टेबल आणि सांगलीच्या फेऱ्या सुटलेल्या नाहीत. आयुष्यात शोध म्हणावा असं काम मी एकच केलं, द्राक्षावरच्या दावण्या रोगाचं. ओलसर हवेत पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी धरते आणि ती कोवळ्या घडावर गेली की घड हातचा जातो. पान किती तास ओलं राहिलं, हवा किती गार होती आणि छाटणीला किती दिवस झाले, एवढं कळलं तर रोग दिसायच्या चार दिवस आधी सांगता येतं, हे मी दाखवलं. छाटणीनंतर चाळिसाव्या दिवसापासून धोका सुरू, असं माझं सूत्र. त्यावर पीएचडी झाली, परदेशात छापून आलं, बढती मिळाली. लग्न मी केलं नाही. म्हणजे मुलंबाळं म्हणा, इस्टेट म्हणा, मागं ठेवायला माझ्याकडे तेवढं एक सूत्रच आहे.

पण बागेत उभ्या असलेल्या माणसाला सूत्र घेऊन काय करायचंय? त्याला "आज फवारा" किंवा "आज नको" एवढंच हवं असतं. ते सांगायला कॉम्प्युटरचा प्रोग्राम लागतो. कॉलेजनं दोनदा बाहेरच्या मंडळींकडून करून घेतला. रंगीत चित्रं, फिरणारे ढग, सगळा थाट! त्यातल्या एकानं भर एप्रिलच्या उन्हात जतला दावण्या येणार म्हणून बजावलं. जतचे लोक अजून मला त्यावरून चिडवतात.

नानासो आमच्याच कॉलेजात, भौतिकशास्त्राकडे लॅब असिस्टंट. आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. वडील लवकर गेले. आई तानुबाईनं एकटीनं मेंढरं सांभाळून याला सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करू दिला. बिघडलेली मीटरं दुरुस्त करता करता प्रोग्राम लिहायला हा आपला आपण शिकला, हे कॉलेजात कुणाच्या गावीही नव्हतं. एक दिवस माझ्या दारात येऊन उभा. "मॅडम, तुमच्या पेपरातलं चौथं समीकरण मला कळंना."

मी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. माझा पेपर चौथ्या समीकरणापर्यंत वाचलेला माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. मोठ्या हौसेनं मी समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि हा विचारतो, "पान वल्लं म्हंजे किती वल्लं?"

"अरे, ओलं म्हणजे ओलं!"

"तुमाला कळतंय, मला बी कळतंय. त्या मशीनला कसं कळणार?"

पंधरा-वीस वर्षं 'ओलं पान' असं लिहीत आले आणि किती ओलं ते कधी लिहिलंच नव्हतं. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. पण दुसऱ्या दिवशी मीच त्याला चहाला बोलावलं, आणि आमचं काम सुरू झालं.

कामाची त्याची तऱ्हा सांगते. एकेक समीकरण आधी तो पाठकोऱ्या कागदावर हातानं सोडवायचा, दोन-दोन दिवस. मग प्रोग्राम लिहायचा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघायचा. चूक सापडली की दुरुस्त करून मोकळा व्हायचा नाही. तीच चूक पुन्हा शिरली तर ओरडून सांगेल असा एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवायचा. अशा राखणदारांची संख्या साडेचारशेवर गेली आहे. मूळ प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला तरी साडेचारशेच्या साडेचारशे पुन्हा चालवायचे.

"अरे, काल तर चालवले होतेस!" मी करवादायची.

"काल चालवले हुते. आज हात लावलाय." एकदा म्हणाला, "आई तर ह्या बांधावरनं त्या बांधावर मेंढरं न्हेली तरी पुन्हा मोजती."

बागांत यंत्रं बसवली तेव्हाची एक गंमत. पानाचा ओलावा मोजणारी एक पट्टी असते, ती वेलीत अडकवायची. कुंडलच्या शालूबाईंच्या बागेतली पट्टी रोज सकाळी अकराला ओली व्हायची. आभाळ निरभ्र असलं तरी ओली! मी म्हटलं, यंत्र खराब, बदलून टाक. नानासो गाडीला किक मारून कुंडलला गेला आणि बांधावर बसून राहिला. अकरा वाजले. शालूबाई तांब्या घेऊन आल्या आणि पट्टीवर पाणी ओतून पदरानं पुसायला लागल्या. "लय धूळ बसती रं हिच्यावर," म्हणाल्या. त्या दिवसापासून प्रोग्राममध्ये आणखी एक राखणदार बसला. रोज एकाच वेळी पान ओलं होत असेल तर आधी माणसाला फोन करून विचारा.

शालूबाईंची आणि माझी ओळख फार जुनी. पीएचडीच्या वेळी दर रविवारी एसटीनं कुंडलला जायची तेव्हा जेवण त्यांच्याकडेच असायचं. तिथल्या अकरा बागा मी सहा वर्षं पाहिल्या. घड कधी निघाले, फुलोरा कधी आला, बुरशी कधी दिसली, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलं. छाटणीची तारीख तेवढी प्रत्येकाच्या वहीतून उतरून घेतली.

गेल्या वर्षी चाळीस बागांत आम्ही प्रोग्राम पहिल्यांदा खराखुरा चालवला. चोवीस बागांत इशारा अगदी बरोबर आला. सोळा बागांत इशारा यायच्या आधीच रोग येऊन बसला. त्या सोळांतला एक रविराज, कुंडलचाच, इंजिनिअरिंग सोडून बाग करणारा. तो नोव्हेंबरात एक क्रेट घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवला. आत तपकिरी पडलेले, वाळके घड होते. "मॅडम, तुमच्या मेसेजची वाट बघत बसलो," एवढंच म्हणाला. त्याची तिसरा हिस्सा बाग गेली होती. त्या क्रेटकडे मला बघवेना.

माझं म्हणणं एकच, प्रोग्राममध्ये चूक आहे. नानासोनं जानेवारीपासून मेपर्यंत ओळ न ओळ तपासली. हातानं गणितं पुन्हा केली, यंत्रं काढून, तपासून परत लावली. काही सापडलं नाही. इकडे द्राक्ष बागाईतदारांच्या गटानं ठरवलं होतं, की येत्या हंगामात तीनशे बागांना हा प्रोग्राम द्यायचा. गटाचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. माझं सूत्र तीनशे बागांत जाणार! यासाठीच तर मी तीस वर्षं थांबले होते.

जूनमध्ये मी त्याला म्हटलं, "त्या सोळा बागा वगळ. यंत्रं खराब होती असं लिहू."

"यंत्रं खराब नव्हती, मॅडम."

"मग रानात काहीतरी वेगळं असेल. चोवीस बरोबर आल्या ना?"

"आल्या की. पर ह्या सोळा का चुकल्या ते कळल्याबिगर मी वगळणार न्हाई. तीनशातल्या कुठल्या रविराजच्यावानी निघतील, आपल्याला काय ठावं?"

आणि मग मी बोलू नये ते बोलले. म्हणाले, "हे सूत्र माझं आहे. तू लॅब असिस्टंट आहेस, लॅब असिस्टंटसारखा राहा."

त्यानं टेबलाच्या कडेवरची दोन बोटं उचलली. मग पिशवी उचलून गेला. मी वाईला आले, चार दिवस धुसफुसत काढले आणि नंतरचे दिवस त्याच्या फोनची वाट बघत. माझा स्वभाव वाईट आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण आपण होऊन फोन करायचं धाडस काही झालं नाही.

श्रावणात एके सकाळी तो वाईला आला. सांगलीहून सातारा, साताऱ्याहून वाई, दोन एसट्या बदलून. हातात माझीच जुनी रजिस्टरं, कॉलेजच्या माळ्यावरून काढलेली. मी भांडण विसरल्याचं दाखवून पोहे केले. त्यानं खाल्ले, हात धुतले आणि रजिस्टर उघडलं.

"मॅडम, एक इच्यारायचं हुतं. अकरा बागा, सहा वरसं. समद्यांची छाटणी दसऱ्यालाच कशी?"

"मुहूर्त!" मी म्हटलं. "त्यात काय विचारायचंय?" आमचं घर भिक्षुकीचं. वडिलांनी जन्मभर लोकांना मुहूर्त काढून दिले. साडेतीन मुहूर्तांतला दसरा, त्या दिवशी सगळ्यांनी छाटणी केली, यात मला सहा वर्षांत कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

"व्हय. पर अकरा बागा एका दिवसात छाटायला माणसं कुठनं आणली?"

कुंडलला छाटणीची टोळी तेव्हा एक किंवा दोन असायची. एक बाग उरकायला त्यांना दीड-दोन दिवस लागतात. हे मला माहीत होतं! त्या टोळ्यांना मी स्वतः पाहिलं होतं.

"शालूबाईंकडे चल," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

आम्ही कुंडलला पोचेपर्यंत दुपार टळून गेली. शालूबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी चपलासुद्धा न काढता विचारलं, दसऱ्याला छाटणी म्हणजे नेमकं काय करायचात?

"आवं बाई, खंडेनवमीला कात्री पुजायची. दुसऱ्या दिशी, दसऱ्याला, ईशान्येच्या कोपऱ्यातली एक येल छाटायची, नारळ फोडायचा. झाली छाटणी सुरू. वहीत तीच तारीख घालायची. मग टोळी येईल तवा बाकीची बाग. आमची पाळी कवा आठव्या दिशी यायची, कवा बाराव्या."

"आणि हे मला सांगितलं नाहीत?"

"छाटणी कवा केली म्हणून तुमी इच्यारलासा, आमी सांगितलं. टोळी कवा आली ते कवा इच्यारलासा?"

मी खाली बसले. एकेका वर्षाचं गणित डोळ्यांपुढून जायला लागलं. सरासरी नऊ दिवस. माझा चाळिसावा दिवस मुळात चाळिसावा नव्हताच, एकतिसावा होता. गेल्या वर्षीच्या चोवीस बागा जुन्या वळणाच्या लोकांच्या, त्यांनी दसऱ्याची तारीख दिली म्हणून सूत्र बरोबर आलं. सोळा बागा रविराजसारख्या पोरांच्या. त्यांनी खरी छाटणी झाली त्या दिवशी बागेत उभं राहून फोनवर खरी तारीख भरली. खरं सांगितलं त्यांचंच नुकसान झालं. आणि प्रबंधात माझं एक अख्खं प्रकरण आहे, एकाच गावच्या बागांत सात-आठ दिवसांचा फरक का पडतो यावर. मी तो जमिनीचा गुण ठरवला होता. माती तपासून तक्ते दिले होते. तो फरक टोळीच्या पाळीचा होता हो! परीक्षकांनी त्या प्रकरणाचं खास कौतुक केलं होतं.

शालूबाईंनी गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं. नानासो अंगणात जाऊन उगीच गाडीचा आरसा पुसत बसला. गाडी दुसऱ्याची होती.

त्यानंतरचे तीन आठवडे मी सांगलीतच राहिले. जुन्या माणसांना गाठून, कुणाची पाळी कोणत्या वर्षी कितवी होती ते आठवेल तसं विचारून घेतलं. त्यांतल्या दोघींनी टोळीच्या मुकादमाची जुनी हजेरीची वही काढून दिली. नानासोनं सगळी गणितं पुन्हा मांडली. चाळीसच्या जागी एकतीस आलं. प्रोग्राममध्ये आता एका तारखेच्या जागी दोन प्रश्न आहेत. पहिला, मुहूर्त कधी केला? दुसरा, टोळी बागेत कधी आली? शब्द नानासोचे, मी स्वल्पविरामही बदलला नाही. मग गेल्या वर्षीच्या चाळिसांच्या चाळीस बागा, खऱ्या तारखा विचारून, त्यावर चालवून पाहिल्या. सगळ्या जुळल्या. रविराजच्या बागेचा इशारा रोग दिसायच्या चार दिवस आधी आला असता. नानासोनं तो आकडा माझ्याकडे सरकवला आणि बाहेर निघून गेला.

भाद्रपदात कुंडलला गटाची सभा झाली. मी उभी राहिले आणि सांगितलं की सूत्र माझं होतं, त्यातली चूकही माझी आहे, प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता. परदेशातल्या त्या नियतकालिकालाही दुरुस्ती पाठवली आहे, तीत नानासोचं नाव पहिलं. रविराजपुढे हात जोडले. तो गडबडून उठला, "मॅडम, असं नका करू," म्हणाला आणि मलाच खुर्ची दिली. मला वाटलं होतं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आता यंदा टोळीची तारीख घाला रं समद्यांनी, न्हाईतर बाई पुन्हा चुकायच्या." मग मात्र सगळे हसले, मीही हसले.

सभा सुटल्यावर शालूबाई शेजारी येऊन बसल्या. "तुमचा नानासो लय गुणाचा. आषाढात येऊन हेच इच्यारून गेला हुता. मी म्हनलं, बाईंला सांग. तर म्हनला, सांगतो, जरा थांबा."

आषाढात! म्हणजे माझ्याकडे यायच्या महिनाभर आधी.

एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. मी सरळ विचारलं, "तुला आषाढापासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग वाईला येऊन साळसूदपणे मला प्रश्न कसले विचारत होतास?"

"मी सांगितलं असतं तर तुमी माझ्यावर वरडला असता. शालूबाईंच्या तोंडनं ऐकलं तर पटंल, असं वाटलं."

"आणि मधला महिना काय केलंस? भीती वाटत होती माझी?"

"भ्या कशाचं?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "माजा प्रोग्राम तपासत हुतो. पुन्हा पयल्यापासनं. तीनदा."

"कशाला? त्यात चूक नाही हे तुला मेमध्येच कळलं होतं."

"कळलं हुतं. पर तुमची तीस वरसं हुती त्यात, मॅडम. मला वाटायचं, कुठंतरी माजीच चूक निघू दे."

या माणसाला मी लॅब असिस्टंटसारखा राहा म्हणाले होते. एसटी आली, त्यानं माझी पिशवी घेतली, आणि पायरी दिसेना म्हणून मी त्याचा हात धरून चढले.